सुश्रुतोक्त पाषाणधारण

आपल्याकडील प्राचीन शल्यतंत्राचें कार्य मोडलेलें हाड बसवून पट्टी बांधण्यापाशीं संपत असे, दुखावलेल्या अवयवास पुन्हां कामास लावण्याचा विचार सर्वस्वी अर्वाचीन आहे, असा समज सुशिक्षितांतहि आढळतो. याच्या उलट, आजच्या क्रीडावैद्यकांत जें जें आहे तें तें आमच्या पूर्वजांस ठाऊक होतेंच, असें म्हणणाराहि एक पक्ष आहे. मूळ ग्रंथ उघडून पाहिला असतां या दोहोंपैकीं एकहि पक्ष टिकत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांतील १५ वा अध्याय भग्नांचा आहे. पडणें, चेपणें, प्रहार, हिंस्र पशूंचा दंश इत्यादि कारणें देऊन सांधा निखळण्याचे ६ व हाड मोडण्याचे १२ प्रकार तेथें मोजले आहेत. उपचार चिकित्सास्थानाच्या ३ ऱ्या अध्यायांत येतात. त्यांतील पथ्यविचार प्रथम लक्षांत घ्यावा. भग्नरोग्यानें लवण, तिखट, क्षार, आंबट, रूक्ष अन्न, ऊन यांबरोबरच व्यायामहि वर्ज्य करावा, असें ग्रंथकार बजावतो. एवढेंच वाचून पुस्तक मिटलें तर पहिल्या पक्षाचें म्हणणें खरें ठरेल. परंतु पुस्तक येथें मिटतां येत नाहीं.

हाड ओढून, दाबून जागीं आणल्यावर पळस, पिंपळ, उंबर, वड, वेळू इत्यादिकांच्या सालींच्या वा कामट्यांच्या कुशा लावून बंध बांधावयाचा. तो थंड ऋतूंत ७ दिवसांनीं, सम ऋतूंत ५ व्या दिवशीं व उष्ण ऋतूंत ३ दिवसांनीं सोडून पुन्हां बांधावा, अथवा भग्नाची अवस्था पाहून ठरवावें. बंध सैल राहिला तर सांधा स्थिर होत नाहीं. फार आवळला तर सूज, वेदना व त्वचेचा पाक होतो. आवळलेल्या बंधाचें भय पुढील काळांतहि सरलें नाहीं. अँटोनियस मॅथाइसन यानें १८५२ त प्लास्टरची पट्टी प्रचारांत आणली, आणि जर्मन शल्यवैद्य फोल्कमान यानें १८८१ त घट्ट पट्ट्यांखालीं स्नायू कायमचे आखडतात तें वर्णन करून ठेविलें. खांदा निखळला असतां काखेखालीं मुसळ देऊन तो वर उचलावा व जागीं बसल्यावर स्वस्तिकबंध बांधावा, असें सांगितलें आहे. खांद्याची ही दुखापत कोणत्याहि आखाड्यांत परिचयाचीच. मांडी अथवा पोटरी मोडलेल्यास फळीवर निजवून सांध्याच्या दोन्ही बाजूंस दोन दोन व तळव्यापाशीं एक अशा ५ खुंट्यांनीं पाय जखडावा, म्हणजे तो हलणार नाहीं. सांधा स्थिर होण्यास तरुणास १ महिना, मध्यमवयी मनुष्यास २ व वृद्धास ३ महिने लागतात, हेंहि तेथेंच आहे. सारांश, अवयव हलूं न देण्याची इतकी काळजी घेणारा हा ग्रंथकार आहे.

आणि तोच ग्रंथकार तळहाताच्या भग्नाविषयीं काय सांगतो तें पाहण्यासारखें आहे. दोन्ही तळवे समपातळींत आणून बंध बांधावा, कच्च्या तेलाचा परिषेक करावा. नंतर रोग्यानें प्रथम मातीचा गोळा हातांत धरावा, त्यापुढें लवणाचा, आणि हातांत बळ आल्यावर पाषाण धरावा. खाण्यास वर्ज्य केलेलें लवण येथें वजन म्हणून उपयोगीं पडलें, ही गंमत वाचकांच्या ध्यानीं आलीच असेल. क्रम मृदूकडून कठिणाकडे आहे, आणि पाषाणास बळ आल्याची अट घातली आहे. हें कोणतेंहि औषध नव्हे. हा व्यायाम आहे, व तो आरंभीं निषेधिलेल्या व्यायामाचाच यथाकाल केलेला विधि आहे. निषेध व विधि यांत विरोध मानण्याचें कारण नाहीं. काळभेदानें दोहोंची व्यवस्था लागते.

आमच्या मतें निर्णायक पुरावा अध्यायाच्या शेवटीं आहे. भग्न नीट सांधलें असें केव्हां म्हणावें? सांधा वांकडा नसावा, अंग उणें नसावें, उंचवटा नसावा, आणि हालचाल सुखानें व्हावी. ज्या शास्त्रानें सुखचेष्टा ही यशाची खूण मानली, त्याचें कार्य पट्टीपाशीं संपलें असें कसें म्हणतां येईल?

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. अमेरिकेंतील डॉ. थॉमस डिलॉर्म यानें दुसऱ्या महायुद्धांतील जखमी सैनिकांवर शिकागो येथील लष्करी रुग्णालयांत केलेल्या उपचारांचा निबंध १९४५ त प्रसिद्ध केला. हलकें वजन पुष्कळ वेळां उचलण्यापेक्षां भारी वजन थोडे वेळ उचलल्यानें स्नायूंचें बळ परततें, हें त्यानें दाखविलें. १९४८ त वॉटकिन्स याच्यासह त्यानें जी पद्धति मांडली तींत रोगी जें वजन १० वेळांच उचलूं शकतो त्याच्या निम्म्यानें आरंभ, मग पाऊण, मग पूर्ण, असा क्रम आहे. भार वाढवीत नेण्याचें तत्त्व सुश्रुतांत निःसंशय आहे. पण गोळा केवढा, किती वेळ धरावा, किती दिवसांनीं बदलावा, याचें मान तेथें नाहीं. तें मान मोजून ठरविणें हेंच अर्वाचीनांचें खरें कार्य, व तें त्यांच्या पदरांत घातलेंच पाहिजे. सुश्रुताच्याच चिकित्सास्थानाच्या २४ व्या अध्यायांत अर्ध्या बळानें व्यायाम करावा असें आहे, त्यावरून डिलॉर्मचा 'निम्मा' भार कोणी काढूं लागेल, तर तें केवळ शब्दसाम्य होय. सुश्रुताचें बलार्ध वजनावरून ठरत नाहीं. हृदयांतील वायु मुखाशीं येऊं लागला, म्हणजे तोंडानें धाप लागूं लागली, कीं बलार्ध झालें असें समजावयाचें. ती श्वासाची खूण आहे, आणि जाणत्या वस्तादाची नजर तीच टिपते.

मग आखाड्याचा व या अध्यायाचा संबंध कोठें आला? ग्रंथांत तो फारसा दिसत नाहीं. चालुक्यराजा तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासांत (शके १०५१) मल्लविनोदाच्या प्रकरणीं मल्लांच्या प्रती, आहार, भारश्रम, पाण्यांतील श्रम, स्तंभश्रम हें सारें आलें आहे. पण तें राजाचा एक विनोद म्हणून. भग्नाचें शास्त्र वैद्याच्या पोथींत व श्रमाचें शास्त्र राजाच्या पोथींत, अशी वांटणी होऊन बसली. या दोहोंची गांठ पडली ती पोथीबाहेर, मालिश करणाऱ्या व सांधे बसविणाऱ्या हाडवैद्य-वस्तादाच्या हातांत. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रो. माणिकराव हे व्यायामशिक्षक आणि हाडवैद्य या दोन्ही नात्यांनीं विसाव्या शतकांत प्रसिद्धि पावले, तें याच परंपरेचें उदाहरण होय.

अशा वस्तादांनीं दुखापतीनंतर शिष्यास प्रथम काय धरावयास दिलें, जोर-बैठकांस केव्हां परत लावलें, करेल केव्हां हातीं दिली, याचीं टिपणें जुन्या तालमींच्या दप्तरांत असल्यास तीं मिळवून छापणें अगत्याचें आहे. मातीचा गोळा, लवण व पाषाण यांच्यापुढील चौथी पायरी तेथेंच सांपडण्याचा संभव आहे.