ट्रान्समेट्रोपॉलिटन

वॉरेन एलिस यांनी लिहिलेली आणि डॅरिक रॉबर्टसन यांनी चितारलेली इंग्रजी कॉमिक मालिका. अमेरिकेतील डीसी कॉमिक्सने १९९७ ते २००२ या काळात तिचे ६० अंक प्रसिद्ध केले. कथा भविष्यकाळातली आहे, पण साल कोणते ते तिथल्या माणसांनाही ठाऊक नाही. एका अवाढव्य शहरात ती घडते आणि त्या शहराला ‘शहर’ याखेरीज दुसरे नाव नाही. स्पायडर जेरुसलेम नावाचा पत्रकार या शहरात एकामागून एक दोन राष्ट्राध्यक्षांशी झुंजतो, हे मालिकेचे मुख्य सूत्र. भ्रष्ट सत्ताधारी उघडा कसा पडतो हे तर ती सांगतेच. पण सत्य छापून आल्यावर लोक त्याचे काय करतात, हा अधिक अवघड प्रश्न तिने शेवटपर्यंत सोडलेला नाही. राजकीय उपरोधाच्या कॉमिकमध्ये तिचे स्थान वरचे आहे ते यामुळे.

प्रकाशन : डीसीने १९९६ मध्ये विज्ञानकथांसाठी ‘हेलिक्स’ ही स्वतंत्र शाखा सुरू केली. ट्रान्समेट्रोपॉलिटनचे पहिले १२ अंक तिथे निघाले. हेलिक्स १९९८ मध्ये बंद पडली. या मालिकेला मात्र डीसीच्याच ‘व्हर्टिगो’ या प्रौढ वाचकांसाठीच्या शाखेत जागा मिळाली आणि तेराव्या अंकापासून अखेरपर्यंत ती तिथेच चालली. ६० अंकांत कथा संपवायची आणि ती एकाच लेखक-चित्रकार जोडीने पुरी करायची, हे दरमहा निघणाऱ्या अमेरिकन कॉमिकमध्ये सहसा जमत नाही. एलिस आणि रॉबर्टसन यांनी ते जमवले. रेखाटनांवर शाई चढवण्याचे बरेचसे काम रॉडनी रामोस यांनी, रंगकाम नेथन आयरिंग यांनी आणि अक्षरलेखन क्लेम रॉबिन्स यांनी केले. मूळ अंकांचे पुढे दहा खंड झाले. स्पायडरचे स्तंभलेख वेगवेगळ्या चित्रकारांच्या चित्रांसह देणारे दोन विशेषांकही निघाले.

निर्माते आणि प्रेरणा : एलिस आणि रॉबर्टसन दोघांचाही जन्म १९६८ चा, एलिस इंग्लंडचे, रॉबर्टसन कॅलिफोर्नियाचे. अमेरिकन राजकारणाकडे बाहेरून पाहणारा लेखक आणि अमेरिकन रस्ता आतून ओळखणारा चित्रकार, अशी ही जोडी आहे. ब्रिटिश कॉमिकमधील उपरोधाची परंपरा एलिस यांच्या पाठीशी होती. ‘२००० एडी’ या साप्ताहिकात १९७७ पासून चाललेल्या ‘जज ड्रेड’ने महानगर, पोलिसी सत्ता आणि करमणुकीला सोकावलेली जनता यांची चिरफाड आधीच केली होती. अमेरिकेत हॉवर्ड चेकिन यांच्या ‘अमेरिकन फ्लॅग!’ने १९८३ पासून प्रसारमाध्यमे आणि बाजार यांच्या संगनमताला हात घातला होता. पण या दोन्ही मालिकांचे नायक कायद्याचे अंमलदार होते. एलिस यांनी तो मान पत्रकाराला दिला.

स्पायडर जेरुसलेमचा सरळ पूर्वज म्हणजे अमेरिकन पत्रकार हंटर एस. थॉम्पसन (१९३७–२००५). बातमीदाराने तटस्थपणाचा आव आणू नये, स्वतःच्या संतापासकट आणि व्यसनांसकट बातमीत उतरावे, ही थॉम्पसन यांची ‘गॉन्झो’ रीत. ‘रोलिंग स्टोन’साठी त्यांनी १९७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीचे वार्तांकन केले. निक्सन आणि मॅकगव्हर्न यांच्यातील त्या लढतीवरचे त्यांचे लेख पुढच्याच वर्षी पुस्तकरूपाने आले आणि निवडणूक-वार्तांकनाचा नमुना ठरले. कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात, गर्दीपासून दूर राहण्याची त्यांची सवय, बंदुकांचे वेड आणि निक्सनद्वेष या तिन्ही गोष्टी स्पायडरमध्ये उतरल्या आहेत.

शहर : या शहरात सगळे मिळते. घरोघरी ‘मेकर’ नावाचे यंत्र आहे; ते कचऱ्यापासून अन्न, कपडे, हत्यारे असे हवे ते घडवते. ही यंत्रेही नशा करतात. स्पायडरचा तो प्रसिद्ध चष्मा, एक काच गोल आणि दुसरी चौकोनी, एक लाल आणि दुसरी हिरवी, अशाच नशेतल्या यंत्राने बनवलेला आहे आणि त्यात छायाचित्रे घेण्याची सोय आहे. काही लोक परग्रहवासीयांची जनुके अंगात भरवून घेतात. त्यांना ‘ट्रान्झियंट’ म्हणतात. काही जण शरीर टाकून देतात आणि सूक्ष्म यंत्रांच्या ढगात वस्ती करतात. खास जोपासलेल्या मानवी मांसाचे पदार्थ उपाहारगृहांत विकले जातात. पाचव्या अंकात स्पायडर दिवसभर दूरचित्रवाणी पाहत बसतो, तेव्हा जाहिरातदारांचा बॉम्ब त्याच्यावर फुटतो आणि जाहिराती थेट झोपेतल्या स्वप्नांत शिरतात.

विपुलता एवढी असूनही रस्त्यावर भिकारी आहेत, उपाशी मुले आहेत. मालिकेच्या उपरोधाचा कणा इथे आहे. यंत्रे सुधारली, माणसांचा एकमेकांशी व्यवहार सुधारला नाही.

आठव्या अंकात हे फार ताकदीने आले आहे. विसाव्या शतकातली मेरी नावाची छायाचित्रकार-पत्रकार मरताना स्वतःला गोठवून ठेवण्याचा करार करून जाते. भविष्यात तिला नवे, निरोगी शरीर मिळते. कराराप्रमाणे कंपनीने तिला जिवंत केलेले असते, पण त्यापुढे तिची जबाबदारी घ्यायला कुणीच नसते. ती दाराबाहेर पाऊल टाकते आणि शहराच्या पहिल्याच दर्शनाने हादरून जाते. तिच्यासारख्यांना वसतिगृहांत कोंबलेले आहे. त्यांनी पाहिलेला इतिहास ऐकून घेण्यात कुणाला रस नाही. या अंकात राष्ट्राध्यक्ष नाही, हाणामारी नाही. एका बाईची हकिकत स्पायडर आपल्या स्तंभात नोंदवतो, एवढेच घडते, आणि बऱ्याच वाचकांना मालिकेतला हाच अंक सर्वाधिक लक्षात राहतो.

कथानक : प्रसिद्धीला कंटाळून डोंगरात जाऊन बसलेल्या स्पायडरला पाच वर्षांनी प्रकाशकाचा फोन येतो. कराराची दोन पुस्तके अजून द्यायची आहेत, नाहीतर खटला. लिहायचे तर शहरात परतणे भाग. तिथे त्याचा जुना सहकारी मिचेल रॉइस आता ‘द वर्ड’ या वृत्तपत्राचा संपादक आहे. तो त्याला स्तंभ देतो. ‘आय हेट इट हियर’ हे त्या स्तंभाचे नाव.

पहिली मोठी बातमी ट्रान्झियंटांच्या वस्तीतली. वेगळे होण्याची मागणी करणाऱ्या या वस्तीत दंगल उसळते आणि पोलीस लोकांना झोडपायला सुटतात. पोलिसांना आत घुसायला निमित्त मिळावे म्हणून दंगल पैसे देऊन घडवलेली आहे, हे स्पायडरच्या ध्यानात येते. तो जवळच्या एका गच्चीवर बसून डोळ्यांपुढचे जसेच्या तसे टंकत जातो आणि तो मजकूर त्याच क्षणी शहरभरच्या पडद्यांवर झळकतो. लोक खवळतात, पोलीस माघार घेतात. घरी परतताना मात्र पोलीस त्याला गाठून रक्तबंबाळ करतात. बातमीची ताकद आणि तिची किंमत या दोन्ही गोष्टी वाचकाला पहिल्या तीन अंकांतच कळतात.

सत्तेवर असलेल्या अध्यक्षाला स्पायडरनेच ‘बीस्ट’ हे नाव दिलेले आहे. तो निगरगट्ट आहे, क्रूर आहे, पण जे आहे ते लपवत नाही. त्याला आव्हान देणारा गॅरी कॅलाहन सदा हसतमुख. त्याचे टोपणनाव ‘स्मायलर’. कॅलाहनच्या प्रचाराची सूत्रे सांभाळणारी व्हिटा सेव्हर्न ही या सगळ्या राजकीय गोतावळ्यातली प्रामाणिक बाई, म्हणूनच स्पायडरचा तिच्यावर विश्वास बसतो. तिची सर्वांदेखत हत्या होते. सहानुभूतीच्या मतांसाठी हा खून खुद्द कॅलाहननेच करवला, या निष्कर्षाला स्पायडर येतो; पण त्याच्या हाती पुरावा नसतो. कॅलाहन निवडून येतो. आपल्याला सत्ता केवळ सत्तेसाठी हवी होती आणि लोकांचा आपल्याला मनापासून तिरस्कार आहे, हे त्याने खासगीत स्पायडरला सांगून टाकलेले असते.

इथून उरलेली कथा म्हणजे पुरावा गोळा करण्याचा प्रदीर्घ उद्योग. सरकार ‘डी-नोटीस’ काढून स्पायडरचे लेख रोखते. त्याची नोकरी जाते, पैसा जातो. दोन सहायिकांना, चॅनन यॅरो आणि येलेना रोसिनी यांना, घेऊन तो भूमिगत होतो आणि ‘द होल’ या बेकायदा वृत्तवाहिनीवरून लिहू लागतो. पुढे एका भीषण वादळात शहर उद्ध्वस्त होते आणि त्याबरोबर पुरावेही. माहिती वाहून नेणाऱ्या कृत्रिम परागकणांमुळे स्पायडरला मेंदूचा विकार जडतो. त्यातून बहुतेक रुग्णांची स्मृती आणि विचारशक्ती जाते. जेमतेम एक टक्का लोक बचावतात. पत्रकाराची स्मृती आणि अध्यक्षाची मुदत यांच्यातल्या या शर्यतीने शेवटचे खंड विलक्षण वेगवान केले आहेत. अखेरीस कॅलाहन पदभ्रष्ट होतो. स्पायडर डोंगरात परततो आणि तो त्या एक टक्क्यातला आहे, हे शेवटच्या पानांत फक्त वाचकाला कळते.

पत्रकारितेचे चित्रण : अमली पदार्थ, शिव्या आणि आतड्यांत कळ उठवणारी ‘बॉवेल डिसरप्टर’ ही बंदूक यांमुळे स्पायडर एखाद्या वात्रट बंडखोरासारखा वाटतो. पण त्याची कामाची पद्धत पक्क्या बातमीदाराची आहे. तो पायी हिंडतो. रस्त्यावरच्या वेश्या, बेघर आणि हमाल यांच्याशी बोलतो. एकाच घटनेचे दोन-तीन साक्षीदार शोधतो, कागद हाती आल्याशिवाय आरोप छापत नाही आणि साक्षीदाराचा जीव धोक्यात आहे असे दिसले की त्याला आधी सुरक्षित जागी पोचवतो. चाळिसाव्या अंकात तो देहविक्रय करणाऱ्या मुलांशी बोलत बसतो. तिथे त्याचा सारा आक्रस्ताळेपणा गळून पडतो आणि ऐकणारा माणूस तेवढा उरतो.

‘डी-नोटीस’ ही कल्पना एलिस यांनी मायदेशातून आणली. ब्रिटनमध्ये १९१२ पासून संरक्षणविषयक माहिती छापू नये अशा सूचना वृत्तपत्रांना देण्याची व्यवस्था आहे; त्या पाळणे मात्र ऐच्छिक असते. मालिकेत याच सूचनेची सक्तीची मुस्कटदाबी झालेली दिसते. राष्ट्रहिताच्या नावाने सुरू झालेली व्यवस्था सत्ताधाऱ्याच्या बचावाचे शस्त्र कशी बनते, याचे हे नेमके उदाहरण आहे.

याहून धारदार आहे तो मतदारांवरचा रोख. बीस्ट आणि स्मायलर आकाशातून पडलेले नाहीत. लोकांनीच त्यांना निवडले आहे, हे स्पायडर आपल्या वाचकांना वारंवार तोंडावर सुनावतो. त्याला शहराचा तिटकारा आहे आणि शहरातल्या माणसांचा कळवळाही आहे. या दोन भावनांतली ओढाताण मालिकेला निव्वळ प्रचारपुस्तिका होऊ देत नाही. बीस्टमध्ये निक्सन यांची आणि स्मायलरमध्ये १९९७ मध्येच ब्रिटनचे पंतप्रधान झालेले टोनी ब्लेअर यांच्या हास्याची छाया अनेक वाचकांना दिसली. पण उघड दुष्टापेक्षा गोड चेहऱ्याचा, कुठलीच निष्ठा नसलेला नेता अधिक घातक, हे मालिकेचे म्हणणे कोणा एका व्यक्तीपुरते मर्यादित नाही.

चित्रशैली : रॉबर्टसन यांच्या चौकटी गच्च भरलेल्या असतात. भिंतींवरच्या घोषणा, जाहिरातफलक, कचरा, गर्दीतले विचित्र चेहरे, सिगारेट ओढणारी दोन तोंडांची मांजर. कथेत ज्याचा उल्लेखही नाही असे पुष्कळ काही पार्श्वभूमीत घडत असते. त्यामुळे शहराचे समाजशास्त्र संवादांतून समजावून सांगावे लागत नाही. पान दुसऱ्यांदा पाहिले की ते आपोआप कळते. टक्कल, अंगभर गोंदण आणि तो बेढब चष्मा यांनी स्पायडरची आकृती तर एका रेषेतही ओळखू यावी अशी झाली आहे.

मर्यादा : मधल्या काही अंकांत स्पायडरची दांडगाई तोचतोचपणाकडे झुकते. सहायिकांशी त्याचे अरेरावीचे वागणे विनोद म्हणून येते. आजच्या वाचकाला ते खटकते आणि खटकावेही. चॅनन आणि येलेना पुढे स्वतःच्या बळावर पत्रकार म्हणून उभ्या राहतात, तरी हा दोष पुरता झाकला जात नाही. एलिस यांनी आपल्या वजनाचा गैरफायदा घेऊन भावनिक फसवणूक केल्याचे जाहीर आरोप २०२० मध्ये अनेक स्त्रियांनी केले. एलिस यांनी निवेदन काढून क्षमा मागितली. त्यानंतर त्यांचे सर्वच साहित्य, विशेषतः सत्तेच्या गैरवापरावर तुटून पडणारी ही मालिका, अधिक सावधपणे वाचले जाऊ लागले.

प्रभाव : ब्रिटिश अभिनेते पॅट्रिक स्टुअर्ट या मालिकेचे चाहते, तिच्या एका खंडाला त्यांनी प्रस्तावना लिहिली. रॉबर्टसन यांनी पुढे २००६ मध्ये गार्थ एनिस यांच्यासह ‘द बॉइज’ ही मालिका सुरू केली. महानायकांच्या दंभावरचा तिचा हल्ला २०१९ पासून दूरचित्रमालिकेच्या रूपाने जगभर पोचला. जागोजागी लागलेले बातम्यांचे पडदे, घटनास्थळावरून त्याच क्षणी प्रसिद्ध होणारा मजकूर, वाचकाच्या आवडीनिवडीवर टपून बसलेल्या जाहिराती हे सारे ट्रान्समेट्रोपॉलिटनने स्मार्टफोन हातोहाती येण्याच्या किती तरी आधी रेखाटले होते. तरी तिचे मोल भाकिते खरी ठरण्यात नाही. सत्ता पाडायला हिंमत लागते, त्याहून अधिक चिकाटी लागते आणि प्रत्येक विधानामागे पुरावा लागतो, हे तिने ६० अंक खर्चून दाखवले. पत्रकारितेवर इतक्या विस्ताराने आणि इतक्या तळमळीने लिहिलेली कॉमिक मालिका इंग्रजीत क्वचितच आढळते.