संकेतस्थळांवरील बंदीचा कायदा : राजकीय वाद आणि गोपनीयतेचा प्रश्न

प्रस्तावना :

लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १४ मार्च १८७८ रोजी देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा व्हर्नाक्युलर प्रेस अ‍ॅक्ट कायदेमंडळाच्या एकाच बैठकीत संमत झाला. मॅजिस्ट्रेटच्या कारवाईविरुद्ध न्यायालयात अपील करण्याची सोय त्यात नव्हती. १८८२ मध्ये हा कायदा रद्द झाला. परंतु मजकूर आक्षेपार्ह आहे हे कोणी ठरवायचे आणि त्या निर्णयाविरुद्ध दाद कोठे मागायची, हा प्रश्न मागे राहिला. इंटरनेटच्या युगात संकेतस्थळांवरील बंदीच्या निमित्ताने तो पुन्हा पुढे आला. इ. स. २००० नंतर भारतात या बंदीचा कायदा कसा घडत गेला आणि त्यावरील राजकीय वादात कोणता मुद्दा मागे पडला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

स्पष्ट कलमापूर्वीची बंदी :

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. संकेतस्थळ बंद करण्याचा स्पष्ट अधिकार देणारे कलम मूळ अधिनियमात नव्हते. ही उणीव केंद्र शासनाने २७ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेद्वारे भरून काढली व बंदीसंबंधीची कार्यवाही ‘सर्ट-इन’ या शासकीय यंत्रणेकडे सोपविली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेघालयातील एका फुटीर संघटनेशी संबंधित ‘किनहुन’ हा याहूवरील चर्चागट बंद करण्याचा आदेश निघाला. केवळ एक गट अडविण्याचे तंत्र सेवापुरवठादारांकडे नव्हते. परिणामी याहूवरील सर्वच गट भारतीय वापरकर्त्यांना काही काळ दिसेनासे झाले.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेतील ११ जुलै २००६ च्या बॉम्बस्फोटांनंतर हाच अनुभव पुन्हा आला. मोजक्या पानांवर बंदी घालण्याचा आदेश असताना ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड व जिओसिटीज या संपूर्ण सेवाच काही दिवस बंद राहिल्या. आदेश एका पानापुरता, पण अंमलबजावणी संपूर्ण सेवेवर, हे या काळातील बंदीचे ठळक वैशिष्ट्य होते.

कलम ६९-अ ची निर्मिती :

मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याला महिनाही झाला नव्हता. अशा वातावरणात २२ डिसेंबर २००८ रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील दुरुस्ती लोकसभेत गदारोळात, चर्चेविना संमत झाली. दुसऱ्याच दिवशी राज्यसभेनेही तिला मान्यता दिली. २७ ऑक्टोबर २००९ पासून ती अमलात आली.

नव्या कलम ६९-अ नुसार देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध व सार्वजनिक सुव्यवस्था या कारणांसाठी, तसेच यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्याची चिथावणी रोखण्यासाठी, मजकुरावर बंदी घालता येते. कारणे लेखी नोंदविणे बंधनकारक आहे. २००९ च्या नियमावलीने अधिकाऱ्यांची छाननी समिती, नोटीस व पुनर्विलोकन यांची तरतूद केली. मात्र तक्रारी व कारवाई यांबाबत कडक गोपनीयता पाळावी, असे याच नियमावलीचा नियम १६ सांगतो.

संसदेतील वाद :

शासनाची बाजू निराधार नव्हती. ऑगस्ट २०१२ मध्ये आसाममधील हिंसाचारानंतर पसरलेल्या अफवांमुळे ईशान्य भारतातील हजारो लोकांनी बंगळूर, पुणे आदी शहरे सोडली. तेव्हा तातडीची कारवाई आवश्यक होती. परंतु बंद केलेल्या तीनशेहून अधिक पानांत व दुव्यांत अफवांचे खंडन करणारा काही मजकूरही सापडला.

त्याआधी १७ मे २०१२ रोजी मध्यस्थांसंबंधीची २०११ ची नियमावली रद्द करण्याचा पी. राजीव यांचा प्रस्ताव राज्यसभेत चर्चेला आला होता. ही नियमावली मजकूर काढून टाकण्यासंबंधी होती. तथापि मूळ प्रश्न तोच होता. विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांनी तिच्यावर टीका केली. मंत्री कपिल सिब्बल यांनी विचारविनिमयाचे आश्वासन दिले आणि प्रस्ताव फेटाळला गेला. २०१४ मध्ये सत्तांतर झाले. बंदीची यंत्रणा मात्र तशीच राहिली. त्याच वर्षी मुंबईतील दंडाधिकारी न्यायालयाच्या आदेशावरून ३२ संकेतस्थळे बंद झाली. त्यांत गिटहब व इंटरनेट अर्काइव्ह यांचाही समावेश होता. पुढे जून २०२० मध्ये कलम ६९-अ खाली टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी आली. २००३ ची अधिसूचना, २००८ ची दुरुस्ती व २०२० ची बंदी ही वेगवेगळ्या आघाड्यांच्या सरकारांची कामगिरी होय. विरोधी बाकांवरून झालेली टीका सत्तेच्या बाकांवर पोहोचताच मावळली, असे यावरून दिसते.

न्यायालयीन निर्णय :

२४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६-अ घटनाबाह्य ठरविले, परंतु कलम ६९-अ वैध मानले. कारणे लेखी नोंदवावी लागतात व त्यामुळे आदेशाला रिट याचिकेद्वारे आव्हान देता येते, हा त्यामागील एक प्रमुख आधार होता. मात्र गोपनीयतेचा नियम १६ कायम राहिला. ३० जून २०२३ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने बंदी आदेशांविरुद्धची ट्विटरची याचिका फेटाळली व कंपनीला ५० लाख रुपये खर्च भरण्यास सांगितले.

निष्कर्ष :

बंदी असावी की नसावी, याभोवतीच हा राजकीय वाद बहुतांशी फिरत राहिला. हिंसेची चिथावणी रोखण्याचा अधिकार शासनाला असावा, याबद्दल फारसे दुमत नाही. खरा प्रश्न आदेश पाहण्याच्या अधिकाराचा आहे. कारणे नोंदविली जातात, पण ज्याचा मजकूर बंद झाला त्याच्यापर्यंत ती पोहोचतीलच याची खात्री नाही. आणि वाचकासमोर तर केवळ कोरे पान उरते. १८७८ च्या कायद्यात अपील नव्हते. आज न्यायालयाचे दार उघडे आहे, पण कशाविरुद्ध दाद मागायची तो कागदच हाती नसेल तर त्या दारापर्यंत जाणे कठीण होते. म्हणून सुरक्षेला बाध न येईल इतपत आदेश प्रसिद्ध करणे व संबंधितास त्याची प्रत देणे, ही मर्यादित सुधारणा या कायद्याच्या वैधतेसाठीच आवश्यक ठरते.