तोफेची फाईल

गेल्या स्नेहसंमेलनात निम्म्या वर्गाने मला एकच प्रश्न विचारला, "दिल्लीत संरक्षण खात्यात तू नक्की करायचास काय?" बंदूक मी कधी हातात धरली नाही. संरक्षण लेखा सेवेत १९८६ साली लागलो आणि निम्मी नोकरी खरेदीच्या फायली वाचण्यात गेली. एका खरेदीचा इतिहास सांगतो, म्हणजे माझे कामही कळेल.

२४ मार्च १९८६ रोजी भारताने स्वीडनच्या बोफोर्सशी १५५ मि.मी.च्या ४१० तोफांचा १,४३७ कोटींचा करार केला. वर्षभराने, १६ एप्रिल १९८७ ला, स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी दिली. पुढचे राजकारण तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. खात्यात काय झाले, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. सही करणाऱ्याची चौकशी होते, फाईल "पुन्हा तपासावी" असा शेरा मारून परत पाठवणाऱ्याची कधीच होत नाही, हे सगळ्यांना उमगले. (असा शेरा लिहायला अर्धा मिनिट लागतो, फाईल परत यायला सहा महिने.)

तोफ मात्र उत्तम होती. १९९९ च्या उन्हाळ्यात द्रास भागात तोलोलिंग आणि टायगर हिलवर आपली मुले चढत होती, तेव्हा याच तोफांनी शिखरांवरचे मोर्चे फोडले. पण कंपनीशी व्यवहार थांबल्याने सुट्या भागांची ओढाताण होती. तोफ इथेच बनवता यावी म्हणून करारात मिळालेले आराखडे तर कित्येक वर्षे तसेच पडून होते. त्यांच्या आधारे जबलपूरला बनलेली 'धनुष' सैन्याला मिळाली २०१९ मध्ये.

कारगिलनंतर २००१ साली संरक्षण खरेदी परिषद स्थापन झाली आणि २००२ मध्ये खरेदीची लेखी कार्यपद्धती आली. हे चांगलेच झाले. गरज ठरवणे, निविदा, वाळवंटात आणि डोंगरात चाचण्या, मग किंमत, असा क्रम लागला. पण चाचणीनंतर एकच कंपनी उरली किंवा एखादी काळ्या यादीत गेली की पुन्हा पहिल्यापासून. तोफांच्या निविदा अशाच वारंवार रद्द झाल्या. नियमाप्रमाणे प्रत्येक जण बरोबर होता आणि सैन्याला तोफ मिळत नव्हती.

गोव्याचे मनोहर पर्रीकर नोव्हेंबर २०१४ मध्ये संरक्षणमंत्री झाले. त्यांच्या काळात २०१६ ची कार्यपद्धती आली आणि देशात आखलेल्या, देशातच बनवलेल्या मालाला पहिली पसंती मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात १४५ हलक्या एम-७७७ तोफांचा करार झाला. बोफोर्सनंतर तीस वर्षांनी! तोही निविदेतून नाही, तर थेट अमेरिकन सरकारशी. निविदेची शुद्धता जपण्यात आयुष्य घालवलेल्या आम्हा लोकांना हे जरा झोंबले.

मी निवृत्त झालो तेव्हा 'अटॅग्ज' तोफेची फाईल अजून फिरत होती. तिचा आराखडा आपल्या पुण्यात, पाषाणच्या प्रयोगशाळेत तयार झाला. ३०७ तोफांचा करार झाला २६ मार्च २०२५ रोजी, आणि त्यातला मोठा वाटा पुण्याच्याच भारत फोर्जला मिळाला. ती बातमी मी घरी चहा पिताना वाचली आणि सवयीने आधी तारीख पाहिली: बोफोर्सच्या सहीला एकोणचाळीस वर्षे आणि दोन दिवस झाले होते.