गुण्या (भौमितिक साधन)

गुण्या हे काटकोन व समांतर रेषा काढण्याचे त्रिकोणी साधन आहे. कंपासपेटीत दोन गुण्ये असतात. एकाचे कोन ३०°, ६०°, ९०°, तर दुसऱ्याचे ४५°, ४५°, ९०° असतात.

निगा

प्लास्टिकचा गुण्या उष्णतेने वाकू शकतो. तो सपाट ठेवावा. त्याच्या आधाराने कागद कापल्यास कडेला खाचा पडतात. त्यासाठी पोलादी पट्टी वापरावी. पेन्सिलीची भुकटी सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावी. ॲसिटोन वापरू नये.

अचूकतेची चाचणी

गुण्या सरळ पट्टीला टेकवून लंब काढावा. नंतर तो पालथा करून त्याच बिंदूतून दुसरा लंब काढावा. दोन्ही रेषा एकमेकींवर पडल्यास काटकोन अचूक असतो. त्या फाकल्यास त्यांमधील कोन गुण्यातील दोषाच्या दुप्पट असतो. असा गुण्या आरेखनात वापरू नये.