एका गुणाचा प्रश्न

‘डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना कोणी केली?’ इतिहासाच्या पेपरातला एका गुणाचा प्रश्न. उत्तर विठ्ठल रामजी शिंदे. गुण मिळाला की विषय संपला! आपल्या बॅचने विद्यार्थी मदत निधी काढायचं ठरवलं, तेव्हा मी त्या एका गुणामागचं थोडं वाचून काढलं.

शिंदे जमखिंडीचे. ऑक्सफर्डला धर्मांचा अभ्यास करून १९०३ मध्ये परतले आणि प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला मिशनची पहिली शाळा निघाली. अध्यक्ष न्या. नारायण चंदावरकर, सरचिटणीस शिंदे. मराठीत नाव ‘निराश्रित साहाय्यकारी मंडळी’. पुढे पुण्यात नाना पेठेत अहिल्याश्रम उभा राहिला, त्याला इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी २० हजार रुपये दिले. देणगीचे आकडे नोंदले जातात. शिंद्यांची बहीण जनाक्का या कामात उतरली, आईवडील मुलाच्या पाठीशी राहिले. पाणवठेसुद्धा वेगळे होते त्या काळात घरच्यांनी हे करणं कोणत्या पावतीवर लिहिणार? मला हे वीस हजारांहून मोठं वाटतं.

तरी एक प्रश्न उरला. शाळा ज्यांच्यासाठी, त्यांची मुलं शिकून मोठी झाली आणि विचारू लागली, की कारभार आमच्या हाती का नाही? प्रश्न रास्तच होता. १९२३ मध्ये शिंदे मिशनच्या कारभारातून बाजूला झाले.

२० जुलै १९२४ रोजी डॉ. आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, पण व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख स्वतः बाबासाहेब. निर्णय घेणारी खुर्ची कुठली, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. १९२५ मध्ये सोलापूरला सभेचं वसतिगृह सुरू झालं, कारण शहरात शाळा असली तरी खेड्यातल्या मुलाने राहायचं कुठे? मुंबईत मोफत वाचनालय निघालं, आणि चक्क हॉकी क्लबसुद्धा.

आता आपला निधी. नियमावलीच्या मसुद्यात समितीचे सात सदस्य आहेत, सगळे देणगीदार. फीमाफीवर शिकलेले आपल्या वर्गातही होते, नंतरच्या बॅचमध्येही आहेत. त्यांच्यासाठी दोन जागा ठेवाव्यात, असं मी लेखी कळवलं आहे. संमेलनात दुपारच्या सत्रात हा विषय येईल, तेव्हा जेवण झालं की लगेच निघू नका.