नीरेचे पाणी कोणासाठी?

दुष्काळी मुलखात मोठी धरणे बांधावीत की नाहीत, हा वाद आपल्याकडे जुना आहे. समर्थक साठ्याचा आकडा पुढे करतात, विरोधक बुडालेल्या जमिनीचा. आलेले पाणी कोणत्या पिकाला आणि कोणाच्या शेताला मिळाले, हा प्रश्न मात्र मागे पडतो. नीरा डाव्या कालव्याचा इतिहास त्यासाठी पुन्हा पाहण्याजोगा आहे.

१८७६ ते १८७८च्या दुष्काळाने दख्खनचे कंबरडे मोडले. १८८०च्या दुष्काळ आयोगाने अवर्षणग्रस्त भागासाठी संरक्षक पाटबंधाऱ्यांचा पुरस्कार केला. संरक्षक म्हणजे ज्वारी-बाजरी करपू लागली की एक-दोन पाळ्या देऊन माणसे आणि जनावरे जगवणारे. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण, पुरंदर तालुक्यात वीर येथे नीरेवर बंधारा आणि तेथून बारामती-इंदापूरकडे कालवा, अशी योजना आखली गेली. १८८५मध्ये कालवा सुरू झाला.

पाणी आले, पण ते घ्यायला शेतकरी तयार नव्हता. काळ्या जमिनीत ओल टिकते. बऱ्या पावसाच्या वर्षी पाणीपट्टी भरून शाळू भिजवणे त्याला परवडत नसे. पावसाने दगा दिला की मात्र सगळे एकदम पाणी मागत. यात अडाणीपणा नव्हता, कोरडवाहू शेतीचा चोख हिशेब होता. सरकारचा हिशेब वेगळा होता. व्याज आणि देखभाल दरवर्षीची, म्हणून गिऱ्हाईकही दरवर्षीचे हवे होते. ते उसाच्या रूपाने मिळाले. सासवडचे कसबी माळी शेतकरी पुरंदर सोडून कालव्याच्या कडेला आले, त्यांनी खंडाने जमिनी घेतल्या आणि बागायत उभी केली. दुष्काळासाठी काढलेला कालवा असा बारमाही पिकाचा झाला.

त्याची किंमत लवकरच दिसली. अतिपाण्याने आणि निचऱ्याअभावी जमिनी खारावू लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी १९१०मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारपड जमिनींवर सहकाऱ्यासह अहवाल लिहिला. त्याआधीच विश्वेश्वरय्या यांनी ब्लॉक पद्धत सुचवली होती. पाणी अधिक गावांत विभागावे, उसाखालचे क्षेत्र मर्यादित ठेवून ते पाळीपाळीने बदलावे आणि उरलेल्या जमिनीत हंगामी पिके घ्यावीत, असे तिचे सूत्र होते. पण ब्लॉकमुळे पाण्याची हमी मिळाली, आणि हमीचे पाणी पुन्हा उसाकडेच वळले. पुढे भाटघरला मोठे धरण झाले, उजवा कालवा निघाला, १९३०च्या दशकात साखर कारखाने आले.

या कालव्यांनी समृद्धी आणली, हे नाकारता येणार नाही. धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी-प्रवरा कालव्यांच्या अभ्यासात (१९४८) कालव्याचा लाभ पाणीपट्टीच्या वसुलीवर मोजू नये, अप्रत्यक्ष फायदेही धरावेत, अशी मांडणी केली. ती रास्तच होती. मात्र फायद्याची बेरीज मोठी असली, तरी वाटणीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

तो प्रश्न १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदरमध्येच विचारला गेला. ज्या तालुक्यातून कालवा निघतो, त्याच तालुक्यातल्या नायगावला माळरानावर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर वाटायचे. भूमिहीनालाही वाटा द्यायचा. आणि ऊस लावायचा नाही, असे त्याचे नियम होते.

नायगावचा प्रयोग भाटघरची जागा घेऊ शकत नाही. मोठ्या शहरांची तहान आणि दूरवरची शेती छोट्या तळ्यांवर भागणार नाही. पण नायगावने वाटणीचा नियम आधी ठरवला आणि पाणी नंतर आणले. नीरेवर पाणी आधी आले. नियम शोधायला वीस वर्षे गेली, आणि तोवर त्या पाण्यावर हक्क सांगणारे तयार झाले होते. नव्या प्रकल्पाची चर्चा निघाली, की धरणाच्या उंचीआधी हा क्रम तपासायला हवा.