कार्बनचं तिसरं ऑक्साइड आणि शहाडचं सूत

कार्बनची ऑक्साइडं किती, असं कल्याणच्या वर्गात विचारलं की मुलं एका सुरात ‘दोन’ म्हणायची. मग मी तिसरं फळ्यावर काढायचो: दोन टोकांना ऑक्सिजन, मध्ये तीन कार्बन, सगळे दुहेरी बंधांनी एका ओळीत. हे कार्बन सबऑक्साइड. मॅलोनिक आम्लाच्या रेणूतून पाण्याचे दोन रेणू काढले की हेच उरतं. १९०६ साली जर्मनीत ओटो डील्सने ते ओळखलं. पुढे वर्णपटांतून कळलं, की ही ओळ मधल्या कार्बनपाशी सहज वाकते. हा उग्र वायू साठवायला गेलं तर रेणू एकमेकांना जुळून रंगीत घन होतो. धंद्यात त्याला फारशी जागा मिळाली नाही.

त्याच्या गंधकी भावकीने मात्र आमच्याकडे बस्तान मांडलं. ऑक्सिजनऐवजी गंधक असलेला असाच पाच अणूंचा लाल द्रव बेला लेंग्येलने १८९३ साली बुडापेस्टमध्ये मिळवला, तो कार्बन डायसल्फाइडच्या वाफेत विजेची ज्योत पेटवून. आणि हे कार्बन डायसल्फाइड, बोलीत ‘सीएसटू’, म्हणजे रेयॉनचा प्राण. कल्याणजवळ मोहन्याला नॅशनल रेयॉन कंपनी आली, १९५६ पासून शहाडला सेंच्युरी रेयॉन.

रेयॉनसाठी लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, पिळायचा, बारीक करायचा आणि बंद ढोलात सीएसटूबरोबर घुसळायचा. पांढऱ्याचा नारिंगी होतो. तो पुन्हा कॉस्टिकमध्ये विरघळवला की मधासारखं दाट व्हिस्कोस तयार. ते मुरवून बारीक भोकांतून गंधकाम्लाच्या हौदात सोडलं की धागा निघतो आणि सीएसटू सुटा होतो. त्या धाग्याच्या साडीत तो येत नाही. हौदापाशी उभ्या माणसाच्या श्वासात जातो.

अशा कारखान्याचा कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. शुद्ध सीएसटू गोडसर वासाचा, म्हणूनच जास्त दगाबाज. ४६ अंशांना उकळतो, तापलेल्या नळीनेही पेटतो. पाण्याहून जड, म्हणून पाण्याखाली साठवतात. तो मज्जातंतू पोखरतो, हे पॅरिसच्या रबर कामगारांना तपासून देल्पेश या डॉक्टरने १८५६ सालीच मांडलं होतं. म्हणजे रेयॉन उल्हास नदीकाठी आलं ते सगळं ठाऊक असतानाच.

नॅशनल रेयॉन २००९ साली बंद पडली. उत्पादनाचे आकडे कंपन्यांच्या अहवालांत सापडतील, स्पिनिंग खात्यातली रात्रपाळी सापडणार नाही. ज्यांच्या घरी त्या खात्यात राबलेलं कुणी अजून आहे, त्यांनी वही-पेन घेऊन त्यांच्यापाशी बसावं.